स्टेशन चौक ते आयर्विन पूल: सांगलीच्या जुन्या खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण? तुम्हाला हे कसं माहीत?

मी सांगलीत टपाल वाटलं. वाखारभागापासून नदीपर्यंतच्या गल्ल्या आधी सायकलवर आणि शेवटची काही वर्षं मोपेडवर फिरलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण पोस्टमनला पत्ता चुकवून चालत नाही, आणि सांगलीतला निम्मा पत्ता आता नसलेल्या गोष्टींवरच चालतो. त्यामुळे त्या गोष्टी काय होत्या, हे समजून घ्यावंच लागलं. रिटायर झाल्यापासून पुण्या-मुंबईचे लोक आजोबांचं घर शोधत येतात, कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

स्टेशन चौकात स्टेशन आहे का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. एकदा एक तरुण बॅग घेऊन चौकात उभा राहून मलाच विचारत होता, "काका, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला?"

पूर्वी स्टेशन होतं, आणि गावाच्या अगदी आत होतं. मिरजेला रेल्वे आधीच आली होती. सांगली राजधानी असूनही तिला मात्र टांग्यातून मिरज गाठायला लागायची. १९०७ मध्ये मिरज–सांगली हा मीटरगेजचा फाटा सुरू झाला. लांबी जेमतेम पाच मैल. एवढ्याशा अंतराला गाडी कशाला, असं आज वाटेल. पण तेव्हा हळद, गूळ, शेंगा या मालाला वाघिणीपर्यंत नेऊन घालायला जवळची जागा हवी होती. स्टेशन आल्यावर आजूबाजूला वखारी वाढल्या, हमालांची वस्ती आली, चहाची दुकानं आली.

माझी आई लग्न होऊन या गाडीनं सांगलीत आली. ती शेवटपर्यंत 'ठेसन' म्हणायची. तिच्या सांगण्याप्रमाणे मिरजेहून गाडी निघाली की डबा भाजी-भाकरीच्या गाठोड्यांनी भरून जायचा आणि गाडी इतकी निवांत चालायची की बोलणं अर्धवट राहायचं नाही.

पुढे पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग १९६७ ते १९७१ या काळात ब्रॉडगेज झाला. मेन लाइनवरचं सांगली स्टेशन दुसरीकडे गेलं आणि गावातला फाटा बंद झाला. जुन्या स्टेशनच्या आवारात आता वसंतदादा पाटलांचं स्मारक आहे. चौकाचं नाव मात्र कुणी बदललं नाही. रिक्षावाल्याला 'स्टेशन' म्हणालात तर तो उलट विचारणार, "स्टेशन चौक का रेल्वे स्टेशन?" हा फरक सांगून ठेवा, नाहीतर गाडी चुकेल.

पत्रांवर अजून 'जुन्या स्टेशनजवळ' असं लिहून येतं का?

मी नोकरीला लागलो तेव्हा स्टेशन जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी यायचं. आमच्या सीनियरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पिन बघू नकोस, खूण बघ." सांगलीचा पिन ४१६४१६. लक्षात ठेवायला इतका सोपा पिन दुसऱ्या गावाला क्वचितच असेल, नुसता आकडा दोनदा म्हणायचा. पण त्या पिनमध्ये अर्धं गाव येतं. घर सापडायचं ते खुणेवरूनच.

एका घरात आजोबांची पेटी उघडली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून जुनी पाकिटं दाखवली होती. त्यावर पत्ता होता 'सांगली, जि. दक्षिण सातारा'. आजच्या पोरांना हे खोटं वाटतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे अकरा वर्षं आम्ही कागदोपत्री साताऱ्याचे होतो. साताऱ्याच्या माणसाला हे सांगू नका, तो लगेच मालकी सांगेल.

हरभट रोड म्हणजे हरभऱ्याचा बाजार होता का?

नव्हता. हरभट हे माणसाचं नाव. पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट, कोकणातल्या कोतवड्याचे. इचलकरंजीच्या घोरपड्यांचे ते उपाध्ये होते. त्यांच्या पुढच्या पिढ्या पेशवाईत तलवारीच्या जोरावर मोठ्या झाल्या. मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड ही सगळी त्याच घराण्याची संस्थानं. ज्या भटजींनी जन्मात दुकान घातलं नसेल त्यांच्या नावानं सांगलीचा सगळ्यात गजबजलेला बाजाररस्ता असावा, याची मला गंमत वाटते.

तिथं गाडी लावायला जागा मिळते का?

नाही.

सहा गल्ल्यांवरून सांगली, हे खरं का?

शाळेत आम्हाला हेच सांगितलं. सहा गल्ल्या, म्हणून सांगली. दुसरे लोक 'सांगलकी' या कानडी नावाकडे बोट दाखवतात. कृष्णेच्या काठावर कानडी आणि मराठी इतकी मिसळलेली आहे की मला दुसरं पटायला सोपं जातं, पण गल्ल्यांची गोष्ट मुलांना आवडते. ज्याला जी आवडेल ती त्यानं सांगावी. आतापर्यंत कोणती सहावी गल्ली, यावर मी तीन वेळा भांडणं ऐकली आहेत.

वाखारभाग, खणभाग, गावभाग ही नावं कशावरून?

वखारींवरून वाखारभाग, हे उघडच आहे. खण म्हणजे दगडा-मातीसाठी खोदलेली जागा, त्यावरून खणभाग. गावभाग म्हणजे नदीकाठचं मूळ गाव. वखारी फारशा उरल्या नाहीत, आणि खणभागात खण दाखवा म्हटलं तर लोक ब्लाउजपीसच्या दुकानाकडे बोट दाखवतात.

सांगलीत किल्ला आहे असं ऐकलं. दिसत का नाही?

कारण तुम्ही त्याच्यातच उभे असता. राजवाडा चौकातून आत गेलात की गणेशदुर्ग. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि १८०१ च्या सुमाराला त्यांनी सांगलीला राजधानी केली, त्या काळातला हा भुईकोट. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला तो किल्ला वाटतच नाही. भोवती खंदक होता. त्याचा बराचसा भाग बुजला आहे, कुठे वस्ती झाली आहे, कुठे झुडपं आहेत. आत सरकारी कचेऱ्या आल्या, जेलही आतच.

या जेलमुळेच किल्ला माझ्या डोळ्यांसमोर जिवंत होतो. २४ जुलै १९४३. बेचाळीसच्या चळवळीत पकडलेले वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार भरदिवसा पहारेकऱ्यांवर चाल करून निघाले, तटावरून उड्या टाकल्या आणि खंदक पार करून नदीच्या दिशेनं पळाले. महिना जुलैचा, म्हणजे कृष्णेला पाणी. मागून पोलिसांचा गोळीबार. त्यात दोन साथीदार गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे हाच माणूस महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

माझ्या बीटमधले, म्हणजे टपाल वाटायच्या माझ्या भागातले, एक म्हातारे गृहस्थ तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. ते सांगायचे, की गोळ्यांचा आवाज आला तेव्हा आईनं त्यांना धान्याच्या कणगीमागे दडवलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीतली दारं बंद होती. मनीऑर्डर घेताना सही करायच्या आधी ते ही गोष्ट दर महिन्याला नव्यानं सांगत. मी दर महिन्याला ऐकली.

मराठीतलं पहिलं नाटक सांगलीत झालं ती जागा बघता येते का?

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर'चा खेळ केला तो राजवाड्यात, अप्पासाहेबांसमोर. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजांनी पाहिले होते, तसं काहीतरी मराठीत करा, असं त्यांनी भाव्यांना सांगितलं. भावे हाताचेही कसबी, लाकडी बाहुल्या करायचे. आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, आणि दर ५ नोव्हेंबरला इथं भावे पदक दिलं जातं. तोच दिवस मराठी रंगभूमी दिन.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते एवढ्यावर नाही. 'शारदा'कार देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. हरिपूर इथून सायकलनं पाव तासावर. दोघंही एका पोस्टमनच्या फेरीत बसतील एवढ्या अंतरातले, हे मी नव्या पोरांना आवर्जून सांगायचो. ती मोबाइलमध्ये बघत असायची, ते सोडा.

'सांगली बँकेसमोर' असा पत्ता दिलाय. ती बँक कुठली?

१९१६ मध्ये सांगलीत सुरू झालेली, मुख्य कचेरी राजवाडा चौकात. व्यापाऱ्यांची बँक. हळदीच्या सीझनमध्ये काउंटरवर जी गर्दी असायची त्यात सगळा कृष्णाकाठ दिसायचा: धोतर, पटका, जाकीट, आणि हाताची बोटं पिवळी. २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. बँक म्हणून बघाल तर चालूच आहे, मोठी झाली. पण गावाचं नाव पाटीवर लिहिलेली बँक गेली, हे सांगलीकराला लागलं. पत्ता म्हणून ती अजून चालते. आमच्याकडे खूण एकदा चिकटली की निघत नाही.

सोन्याचं उलटं आहे. गाडगीळ सराफांची सुरुवात १८३२ मध्ये सांगलीतच झाली, आणि त्या नावाची दुकानं आता जगभर दिसतात. पुण्याचे लोक त्यांना पुण्याचे समजतात. मी दुरुस्त करतो.

हळदीची पेवं म्हणजे काय? ती बघायला मिळतील का?

या प्रश्नाला उत्तर देताना मी थोडा लांबतो.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. हरिपूरच्या बाजूची माती अशी, की त्यात खोल खोदलं तरी ओल येत नाही. वरून बघाल तर एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. आत मात्र रांजणासारखं पोट, वीस-पंचवीस फूट खोल. आतून शेणामातीनं लिंपायचं, तळाला आणि कडेनं उसाचा वाळका पाला लावायचा, मग हळकुंडं ओतायची. भरलं की तोंडावर पाला, फरशी आणि माती टाकून बंद. हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच राहते, रंगही उतरत नाही. भाव चढेपर्यंत व्यापारी निवांत.

पेव उघडणं हे कसबाचं काम. तोंड उघडून आधी वारा लागू द्यायचा. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही, आतली हवा मेलेली असते. घाई केलेली माणसं गेली आहेत. मी एकदा हरिपूरला रजिस्टर द्यायला गेलो तेव्हा मालक पेवाजवळ उभा होता. कंदील खाली जाताना त्याची काच पिवळी होत गेलेली मी पाहिली. मग वास आला. ओल्या मातीचा, पाल्याचा आणि हळदीचा एकत्र, इतका दाट की घशात बसला. सही घ्यायचं मी विसरलो, परत जावं लागलं.

२००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं. भरलेली पेवं कुजली, बरीचशी खचली. त्यानंतर माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जायला लागला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, सौदे मार्केट यार्डात जोरात होतात, म्हणजे हळद कुठेही गेलेली नाही. पेवं गेली. बघायचीच असतील तर हरिपुरात एखाद्या जुन्या माणसाला विचारा, तो तुम्हाला शेतातला एक खळगा दाखवेल आणि म्हणेल, "हे तोंड होतं बघा." एकट्यानं वाकून बघायला जाऊ नका, कडा ढासळते.

आयर्विन पुलाला इंग्रजाचं नाव का?

व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते नोव्हेंबर १९२९ मध्ये उद्घाटन झालं म्हणून. त्याआधी नदीपलीकडच्या सांगलवाडीला जायचं तर नावेतून. नावा गेल्या, पण नावाड्यांची हौस गेली नाही. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात, आणि त्या बघायला याच पुलावर मरणाची गर्दी होते.

या लॉर्डाचं दिल्लीत काय झालं ते आम्हाला माहीत नसेल, पण सांगलीत त्याच्या नावाचा उच्चार पावसाळ्यात तासातासाला होतो. का, ते पुढच्या उत्तरात.

लोक 'चाळीस झालं', 'पंचेचाळीस झालं' असं काय म्हणतात?

फूट. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका. जुलैच्या शेवटी सांगलीत कुणी कुणाला "काय म्हणताय?" असं विचारत नाही, "किती झालं?" असं विचारतो. उत्तरावरून प्रत्येकाला कळतं की आपल्या गल्लीत काय होणार. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट इथली माणसं सामान बांधायला घेतात. त्यापुढे चढलं की बाजारपेठेचा जीव खालीवर. पाणी नदीकडून येईल म्हणून आपण पुलाकडे बघत बसतो आणि ते मागून, गटारीतून वर येतं.

२००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर पुन्हा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फूट ओलांडलं. २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. आता म्हातारी माणसं काही म्हणत नाहीत.

जुन्या खुणा कशानं गेल्या, असं मला विचारतात तेव्हा लोकांच्या मनात बिल्डर असतो. बिल्डर आहेच. पण माझ्या बीटमध्ये जेवढ्या मातीच्या घरांना मी टपाल पोचतं केलं, त्यातली जास्त पाण्यानं नेली. पांढऱ्या मातीची भिंत पुरात उभी राहते, पाणी ओसरून ऊन पडलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसते. २००५ नंतरच्या आठवड्यात एका बोळात मी हातात टपाल घेऊन उभा होतो. घर क्रमांक होता, जोतं होतं, दाराची चौकट उभी होती, कडीला कुलूपही होतं. कुलपाच्या मागे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात हरभट रोडवर व्यापाऱ्यांनी वह्या उन्हात उघडून ठेवल्या होत्या. लाल कापडाचा रंग पानांत उतरला होता, उधारी वाचता येत नव्हती. एक दुकानदार पानं उलटत हसून म्हणाला, "पोस्टमन, यंदा सगळ्यांचं माफ." कापड पेठेत भिजलेल्या साड्या दोऱ्यांवर टाकल्या होत्या आणि 'पुराचा माल' म्हणून मिळेल त्या भावाला जात होत्या. माझ्या बायकोनं एक घेतली. तिच्या काठाला पुराची मातकट रेघ आहे, ती कशानंही गेली नाही.

पाणी कोयनेचं, वारणेचं की अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचं, या वादात मी पडत नाही. सांगलीत या विषयावर बोलायला उभे राहिलात तर रात्रीचं जेवण चुकतं.

गावात सिंह होता म्हणे?

होता. प्रतापसिंह उद्यानात, पिंजऱ्यात. पहाटे सॉर्टिंगला जाताना डरकाळी ऐकू यायची. बाहेरगावची माणसं दचकायची, आम्ही सायकल मारत राहायचो.

चोर गणपती म्हणजे चोरीला गेलेला का?

नाही हो. सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, गाजावाजा न करता गणपती बसवतात. गुपचूप येतो म्हणून चोर गणपती. मंदिर अप्पासाहेबांनी बांधलं, १८४४ मध्ये पुरं झालं. पूर आला की पाणी इथंही येतं.

मला आजोबांचं घर शोधायचं आहे. फक्त जुना पत्ता आहे. काय करू?

आधी पत्त्याचा फोटो काढून पाठवू नका, पूर्ण वाचून पाठवा. जुन्या पत्त्यात शेवटची ओळ महत्त्वाची असते, 'अमक्याच्या वाड्याच्या बोळात' वगैरे. लोक नेमकी तीच गाळतात. घर क्रमांक असेल तर सिटी सर्व्हेच्या कचेरीत उतारा निघतो, पण क्रमांक मधे बदललेले असतात, त्यामुळे शेजाऱ्यांची नावंही घेऊन जा. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका झाली, तेव्हा जुना नगरपालिकेचा कागद हातात असेल तर तो तसाच जपून ठेवा.

कागदानं काम झालं नाही तर पिठाच्या गिरणीत जा. खरंच सांगतो. गिरणीवाल्याला तीन पिढ्यांचे डबे माहीत असतात.

गेल्या वर्षी इंदूरहून एक बाई आल्या. आजोबांचा पत्ता 'स्टेशनसमोर, निळ्या दाराचं घर'. स्टेशन नाही, दारही नाही. तरी त्यांना घेऊन चौकात गेलो. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग पर्समधून एक पोस्टकार्ड काढलं. आजीनं आजोबांना लिहिलेलं, पोचलेलं, सांगलीचा शिक्का असलेलं. शिक्क्यातली तारीख पुसट होती. मी ते उन्हात तिरकं धरलं, सवयीनं. तारीख काही लागली नाही, पण कोपऱ्यात बीटच्या पोस्टमननं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'घरी कुणी नाही, उद्या पुन्हा'.